दुसरा कंट्रोलर घेतलास का?

गेल्या आठवड्यात सकाळच्या लोकलमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पोरगा हुशार आहे, नुकताच ठाकुर्लीला वन बीएचके घेतलाय, लग्न होऊन सहा महिने झालेत. "दादा, जरा बघा ना. कुठला घेऊ?"

बघतो तर चक्क एक्सेल शीट! डावीकडे कन्सोलची नावं, वर टेराफ्लॉप, फोर के, रे-ट्रेसिंग, एसएसडीचा स्पीड, क्रेडिट कार्डाचा कॅशबॅक. चांगल्या रकान्यांना हिरवा रंग, वाईटांना लाल. ऑफिसात व्हेंडर निवडताना करतो अगदी तस्संच. मला हसू आलं, कारण मीही एके काळी हेच केलं होतं. आणि थोडं वाईटही वाटलं, कारण ज्या गोष्टींवरून कन्सोल घरात टिकतो की माळ्यावर जातो हे ठरतं, त्यातली एकही त्या शीटमध्ये नव्हती.

गर्दीत एका पायावर उभं राहून एवढं सगळं सांगणं शक्य नव्हतं. "रविवारी सांगतो," म्हटलं. तर आज रविवार आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. डोंबिवलीत आम्ही लहान असताना 'कन्सोल' हा शब्द कुणाला माहीत नव्हता. त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचे आणि आत घालायची ती 'कॅसेट'. मीडिया, लिटल मास्टर, मायक्रो जिनियस असली नावं डब्यांवर असायची. जपानमध्ये निन्टेन्डोने १९८३ साली फॅमिकॉम आणला, आमच्याकडचे बहुतेक डबे त्याच्या नकला होत्या. ह्यात आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना धक्का बसायचं काही कारण नव्हतं म्हणा. शेजारच्या उल्हासनगरात 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगितला जायचा, त्या गावाशेजारी वाढलेली पोरं आम्ही! डब्यावर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने यायचे. पण मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर आणि टँक, एवढे चार असले की सुट्टी कारणी लागायची.

कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची, हे कुणी शिकवलं नाही तरी प्रत्येकाला येत होतं. पुढे इंजिनियर झाल्यावर कळलं की फुंकरेचा काही संबंध नव्हता. कॅसेटच्या पिना आणि खाचेतले संपर्क ह्यांच्यात धूळ किंवा गंज बसायचा, कॅसेट काढून परत घालताना ते घासले जायचे आणि जोडणी जमायची. फुंकरेतल्या ओलाव्याने उलट पिना लवकर गंजत. म्हणजे आपण ज्याला उपाय समजत होतो तोच हळूहळू रोग वाढवत होता. (प्रॉडक्शन सपोर्टमध्ये असणाऱ्यांना ह्याची वेगळी उदाहरणं द्यायला नकोत.)

बंदुकीचा तो बदकांचा खेळ आठवतोय? त्यातली गंमतही अशीच. आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी 'किरण' निघतो. खरं म्हणजे बंदुकीतून काहीच निघत नाही, उलट ती टीव्हीकडे बघत असते. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतल्या सेन्सरला नेमका त्या वेळी उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं. आजच्या एलसीडी टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्यात सेन्सरची वेळ निघून जाते, म्हणून माळ्यावरून तो डबा काढून नव्या टीव्हीला जोडलात तर बाकी गेम चालतील, पण बदक काही मरणार नाही.

पण हा डबा आमच्या घरी नव्हताच. मे महिन्याच्या सुट्टीत तो भाड्याने मिळायचा, चोवीस तासांच्या बोलीवर. बिल्डिंगमधली आठ-नऊ पोरं वर्गणी काढायची. दुपारी चार वाजता डबा आला की दुसऱ्या दिवशी चारपर्यंत एक मिनिट वाया घालवायचं नाही. कंट्रोलर दोन, पोरं नऊ. लाइफ गेली की पास, हा एकच कायदा. उरलेले सात जण मागे बसून सल्ले द्यायचे. टँकमध्ये दोघांनी मिळून आपला गरुड वाचवायचा असतो, पण आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो काही क्षण जागच्या जागी गोठतो. त्यावरून झालेली भांडणं मला अजून आठवतात.

अशाच एका रात्री मी पहाटे जागा झालो. टीव्हीचा निळसर उजेड होता, आवाज बंद. समोर बाबा बसले होते. पहिली शिफ्ट असायची त्यांची, पहाटेची गाडी पकडायचे. आंघोळ वगैरे करून, शर्ट घालून तयार, आणि हातात कंट्रोलर. टँक खेळत होते. "डोळे खराब होतील," "अभ्यासाच्या नावाने शंख," असं आदल्या संध्याकाळी आम्हाला ऐकवणारे तेच हे बाबा! मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. ते हरले, डबा बंद केला, डबल घडी घालून वायर गुंडाळली आणि गाडीला गेले. ह्या विषयावर आम्ही दोघं आजतागायत बोललेलो नाही.

मी तेव्हा उठून दुसरा कंट्रोलर उचलायला हवा होता. असो.

आता नोकरीच्या दिवसांकडे येतो, आणि इथे थोडं कबूल करायचंय. पहिल्या पगारातून साठवलेल्या पैशांतून मी प्लेस्टेशन २ घेतला. घेतल्या घेतल्या एकाकडून त्यात 'चिप' बसवून घेतली, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क चालतात. ओरिजिनल डिस्क हजारांत, कॉपी शंभराच्या आसपास. कपाटात पन्नास-साठ गेम जमले. त्यातले पूर्ण किती खेळलो? पाच. फारतर सहा. फुकटच्या जेवणात पोट बिघडतं तसं झालं, प्रत्येक गेम दहा मिनिटं चाखायचा आणि पुढचा लावायचा.

आणि हे सगळं कोण करत होतं? ज्याचा पगार सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर चालतो तो. सोमवारी ऑफिसात 'मशीनवर अनधिकृत सॉफ्टवेअर नको' अशा मेलला मी 'नोटेड' म्हणून उत्तर द्यायचो आणि शनिवारी नवीन कॉपीच्या शोधात निघायचो. तेव्हाचं आमचं समर्थन ठरलेलं असायचं: परवडत नाही. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. २००७ साली प्लेस्टेशन ३ भारतात आला तो ३९,९९० रुपयांना, त्या काळात फ्रेशरच्या हातात महिन्याला येणाऱ्या पगाराच्या दुपटीहून जास्त. एक्सबॉक्स ३६० त्याच्या आधी, २००६ च्या सप्टेंबरात, अक्षय कुमार आणि युवराज सिंगला घेऊन वाजतगाजत आला होता, पण डब्याची किंमत होर्डिंग बघून कमी होत नाही. सरकारनेही फार लाड केले नाहीत. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या गटात होते, १ जानेवारी २०१९ पासून ते १८ वर आले.

पण 'परवडत नाही' आणि 'म्हणून माझा हक्क आहे' ह्यात एक लांब उडी आहे, ती मी बिनदिक्कत मारत होतो. एरवी परवडलं नाही तर आपण सेकंडहँड घेतो, मित्राकडून मागून आणतो, चार जण मिळून घेतो. नऊ पोरांनी वर्गणी काढून भाड्याने आणलेला डबा नकली होता हे खरं, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. चिप बसवताना मला सगळं माहीत होतं. फरक आहे.

ह्यातूनच माझा पहिला ठाम सल्ला येतो: डिस्कवाला कन्सोल घे.

प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा 'डिजिटल' ३९,९९०. २०२२ च्या नोव्हेंबरात दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले, म्हणजे तेव्हा फरक दहा हजारांचाच राहिला. तेव्हाच्या एक्सेल शीटमध्ये हे दहा हजार वाचलेले दिसायचे. पण नवीन मोठा गेम तेव्हा ४,९९९ ला होता. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, माझ्या अनुभवात महिन्याभरात विकली तर अर्ध्याहून जास्त पैसे परत येतात. चार-पाच गेममध्ये दहा हजार वसूल. शिवाय डोंबिवलीसारख्या गावात डिस्क हातोहात फिरते. माझ्या एका डिस्कने लोकलमधल्या चार घरांत मुक्काम केलाय, ते चिप न बसवता आणि कुणाचं न बुडवता.

डिजिटल गेमचं काय? तिथे 'खरेदी करा' असं लिहिलेलं असतं, पण मिळतं ते लायसन्स. आता हा शब्द मुंबई-ठाण्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ज्याने कधी भाड्याने घर घेतलंय त्याने 'लीव्ह अँड लायसन्स'वर सही केलेली असते आणि अकरा महिन्यांनी मालक काय म्हणेल ह्या विचाराने पोटात गोळाही आलेला असतो. डिजिटल गेम म्हणजे तेच, फक्त इथे मालक परदेशात आणि ब्रोकर कोणी नाही. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान बंद केलं, मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं. आधी घेतलेले गेम लगेच काढून घेतले नाहीत, हे खरं. पण नवीन विकत घेता येत नाहीत, आणि जे फक्त तिथेच मिळत होते ते सरळ मार्गाने मिळायचं बंदच झालं. सोनीनेही २०२१ साली प्लेस्टेशन ३ चं दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर महिन्याभरात निर्णय फिरवला.

ह्यावर कुणी म्हणेल की आजकाल डिस्कमध्ये तरी काय असतं? घातली की चाळीस जीबीचा अपडेट मागते. बरोबर आहे. डिस्क म्हणजे पूर्ण मालकी नव्हे. पण सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नसलं तरी स्वतःचा फ्लॅट आणि भाड्याचा फ्लॅट ह्यात फरक असतोच ना? तसंच.

दुसरा सल्ला: टीव्ही कोणाचा आहे ते आधी ठरव. वन बीएचकेमध्ये टीव्ही एकच असतो आणि तो हॉलमध्ये असतो. आमच्याकडे रात्री आठ ते साडेनऊ तो आईचा आहे. ह्यावर चर्चा होत नाही. कन्सोल घेतला तेव्हा मीही विचार केला होता की आत बेडरूममध्ये एक छोटा मॉनिटर लावावा, म्हणजे कुणाला त्रास नको. केला नाही ते बरं झालं. बेडरूममध्ये गेलेला कन्सोल हा एका माणसाचा होतो. हॉलमधला घराचा राहतो, लोक त्यावर वैतागतात, येता-जाता बघतात, कधीतरी 'दे रे जरा' म्हणतात. गेमचा नाद लागेल ह्याची काळजी असेल तर माझ्या मते पासवर्ड आणि टायमरपेक्षा हॉल हा जास्त चांगला उपाय आहे. आजी शेजारी बसून भाजी निवडत असताना माणूस पहाटे तीनपर्यंत खेळत नाही :)

तिसरा सल्ला थोडा संसारी आहे. कन्सोल हा आपल्याकडच्या हवेत राहायला आलेला पाहुणा आहे हे लक्षात ठेव. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नकोस, मागे हाताच्या पंज्याएवढी जागा सोड, महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ काढ. उबदार, अंधारी आणि सहसा कुणी हात न लावणारी जागा झुरळांना फार आवडते, रिपेअरवाल्याने माझा डबा उघडला तेव्हा आत जे कुटुंब निघालं ते मी आईला सांगितलेलं नाही. पावसाळ्यात चार चार दिवस लाइट येते-जाते, आणि गेम सेव्ह होत असताना वीज गेली तर तीस तासांची मेहनत पाण्यात जाऊ शकते. म्हणून एक छोटा यूपीएस लाव. विजेच्या बिलाची मात्र भीती नको. मोठा कन्सोल खेळताना साधारण २०० वॅट घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. तुमचा गीझर ह्याहून जास्त खातो.

आता प्रश्न राहिला की तीन कंपन्यांपैकी कुठली. खरं सांगायचं तर घरातल्या लहान-मोठ्यांनी एकत्र खेळायला निन्टेन्डोसारखे गेम कुणी करत नाही. पण २०१७ साली स्विच आला तेव्हा तो भारतात अधिकृतपणे आलाच नाही. ज्याने घेतला त्याने लॅमिंग्टन रोडवरून, हिरापन्नातून किंवा ऑनसाइट गेलेल्या मित्राच्या बॅगेतून घेतला. बिघडला तर वॉरंटी म्हणजे देवाची कृपा. ह्यातला उपरोध बघा: 'राजी' नावाचा गेम आपल्या पुण्यात बनला, नॉडिंग हेड्स ह्या छोट्या कंपनीने केला. आपल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. ऑगस्ट २०२० मध्ये तो आला तो सगळ्यात आधी स्विचवर! म्हणजे पुण्यातल्या पोरांनी बनवलेला गेम पुण्यातल्या पोराने पहिल्या दिवशी खेळायचा, तर मशीन ग्रे मार्केटमधून आणायचं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबरात आला. आपण कंपन्यांच्या नकाशावर अजून कडेलाच आहोत. २०२४ साली प्लेस्टेशन ५ प्रो निघाला तेव्हाही भारत यादीत नव्हता. कारण काय, तर त्यातल्या नव्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं: टेराफ्लॉपचा रकाना काढून टाक. जो कन्सोल तुझ्या चार मित्रांकडे आहे तो घे, कारण डिस्क त्यांच्याशीच बदलणार आहेस. आणि बजेटमध्ये एक ओळ वाढव, दुसऱ्या कंट्रोलरची. पाच-सहा हजारांची ही ओळ तुझ्या शीटमध्ये नाहीये, हेच मला सगळ्यात जास्त खटकलं.

ह्या ओळीसाठीच एवढं लिहिलं. कन्सोलची खरी किंमत पैशांत नसतीच. डोंबिवली ते ऑफिस आणि परत, रोजचे तीन तास. घरी पोचायला नऊ. मग हॉलमध्ये आपण चौघं बसतो आणि चौघांच्या हातात चार मोबाइल. चार माणसं, चार स्क्रीन, कुणी कुणाचं काही बघत नाही. ह्या परिस्थितीत एका स्क्रीनकडे दोन माणसांनी अर्धा तास बघणं आणि एकमेकांवर ओरडणं ही चैन आहे. 'इट टेक्स टू' नावाचा गेम २०२१ साली आला, तो एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवरा-बायकोची गोष्ट आहे, आणि प्रत्येक पायरीवर दोघांनी मिळूनच काहीतरी करावं लागतं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. बायकोने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. पहिला तासभर ती भिंतीवर आपटत होती आणि मी शहाणपणा शिकवत होतो. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तू जरा गप्प बसशील तर मला जमेल." मी गप्प बसलो. जमलं.

हे असे गेम कमी होत चाललेत, हीसुद्धा खरी गोष्ट. मोठ्या कंपन्यांना वाटतं की प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापला डबा, आपापली प्रत घेऊन ऑनलाइन खेळावं. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, एका सोफ्यावर दोघं बसले तर एकच प्रत खपते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यालाही हेडफोन लावून वर्गातल्या मुलांशी खेळायचंय. त्यावरून आमची जुंपते. त्याचं म्हणणं, "बाबा, माझे मित्र तिथे आहेत." ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. माझे मित्र माझ्या मागे सतरंजीवर बसलेले होते, त्याचे ठाण्याला, कल्याणला, पलावात विखुरलेत. तिकडे शनिवारी तास-दीड तास देतो. बदल्यात रविवारी सकाळचा एक तास माझा, एका स्क्रीनवर, दोन कंट्रोलर. हा करार किती वर्षं टिकेल माहीत नाही. अकरा महिन्यांनी रिन्यू करू.

तर मित्रा, तुझ्या शीटला माझं उत्तर एवढंच. कुठलाही घे. डिस्कवाला घे, हॉलमध्ये ठेव, मागे जागा सोड, आणि दुसरा कंट्रोलर पहिल्याच दिवशी घे. नंतर घेऊ म्हटलेला घेतला जात नाही.

आता उठतो. मुलगा हाक मारतोय, आणि आठच्या आत टीव्ही सोडायचाय.